डिसेंबरात नको, जुलैत या

प्रति,
परदेशात नोकरी करणाऱ्या आणि सुट्टीत गोव्यात येऊन नर्सिंगच्या मुलींना शिकवू पाहणाऱ्या सर्व सिस्टरांना

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात इंग्लंडहून एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. त्यांच्या बारा जणींचा गट डिसेंबरात गोव्याला येतोय. इथल्या मुलींना दोन आठवडे शिकवायचं त्यांच्या मनात आहे, आणि उद्घाटनाला दिवा लावायला मॅडम म्हणून मी हवी आहे. खाली हात जोडल्याची तीन चित्रं. मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग वाटलं, हे उत्तर तिला एकटीला देण्यात अर्थ नाही, कारण असा निरोप दर दिवाळीच्या सुमारास कुठून ना कुठून येतोच. कधी कुवेतहून, कधी आयर्लंडहून, तर कधी गोव्याशी दुसरा काहीच संबंध नसलेल्या एखाद्या गोऱ्या बाईकडून, जिने इथला समुद्र पाहिला आणि तिला आमच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. म्हणून हे सगळ्यांना मिळून. ज्यांना मराठी येत नाही त्यांना शेजारच्या गोंयकार सिस्टरने वाचून दाखवावं. तुमच्यातल्या काही माझ्याच हाताखालून गेलेल्या आहेत, तेव्हा मध्येच ‘तू’ आलं तर मनाला लावून घेऊ नका.

मी एकतीस वर्षं उत्तर गोव्यातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होते. स्कूलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

दिवा लावायला मी येणार नाही. का, ते सांगते.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी अमेरिकेहून एक बाई दहा दिवसांसाठी आल्या होत्या. अतिशय हुशार, हसऱ्या, आवाज खणखणीत. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलाईनच्या थेंबांचं गणित घेतलं. पाचशे मिली बाटली आठ तासांत द्यायची, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? त्यांनी फळ्यावर मांडलं, एक मिली म्हणजे पंधरा थेंब, आणि उत्तर काढलं सोळा. गणित बरोबर होतं, हिशोबात कुठे खोट नव्हती. पण पंधरा थेंबांचा सेट त्यांच्याकडचा. आपल्याकडे वॉर्डात जो साधा सेट मिळतो त्यात वीस थेंबांचा एक मिली होतो, पाकिटावर तसं छापलेलं असतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ते पाठ असतं. आपलं उत्तर येतं एकवीस.

वर्गात अडतीस मुली होत्या. अडतीसही जणींनी वहीत सोळा लिहिलं. एकीनेही हात वर केला नाही. आणि मी? मी शेवटच्या बाकावर बसून प्रोसिजर बुकांवर सह्या करत होते. फळा मला दिसत होता. मीही काही बोलले नाही. म्हटलं, पाहुण्या आहेत, नंतर मुलींना सांगू. नंतर म्हणजे केव्हा, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मेल मेडिकल वॉर्डात एका मुलीने सकाळी आठला सलाईन सुरू केलं आणि घड्याळ लावून मोजून सोळा थेंब ठेवले. आम्ही बाटलीला पांढऱ्या चिकटपट्टीची उभी पट्टी लावतो, तिच्यावर तासांच्या खुणा करतो. बाराच्या सुमारास इन्चार्ज सिस्टर फिरत आल्या, त्यांनी पट्टीकडे बघितलं. निम्मी बाटली जायला हवी होती, दोनशे मिलीसुद्धा गेलं नव्हतं. त्या गतीने ती बाटली चारऐवजी संध्याकाळी साडेसहापर्यंत चालली असती. रुग्णाला काही झालं नाही, सिस्टरांनी वेळीच पाहिलं. ‘हे तुला कोणी शिकवलं?’ त्यांनी विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईंकडे नाही, माझ्याकडे.

चूक त्या बाईंची नव्हती. त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं. खांद्यावर शाल घातलेल्या माणसाला आपण चूक दाखवत नाही, आपल्याला तशी सवयच नाही. दहाव्या दिवशी आम्ही त्यांच्या कागदावर सगळ्या रकान्यांत ‘उत्कृष्ट’ अशी खूण केली. त्या समाधानाने घरी गेल्या असणार. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

म्हणून मला त्या दिव्याची भीती वाटते. तो एकदा पेटला की समोरचा पाहुणा होतो आणि आपण सगळे गप्प बसतो.

बाहुलीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आठवली की अजून हसू येतं आणि थोडं पोटातही दुखतं. एका गटाने आमच्यासाठी बोटीने एक मोठी बाहुली पाठवली होती, शिकायची डमी. तिची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, हृदयाचे ठोके ऐकू येतात. प्राचार्यांनी कस्टमच्या कागदांसाठी वास्कोला चार खेपा घातल्या. खोका उघडला, सगळे जमले, शिपायाने प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर लावून बटण दाबलं. अडॅप्टरने प्लगचा आकार बदलला, विजेचा दाब कोण बदलणार? अमेरिकेतल्या ११० व्होल्टचा पंप आपल्या २३० व्होल्टवर दोन मिनिटं घरघरला आणि धूर आला. तेव्हापासून ती काचेच्या कपाटात प्लॅस्टिकखाली झोपली आहे. तपासणीचं पथक आलं की प्लॅस्टिक काढायचं, गेलं की पुन्हा घालायचं. दसऱ्याला मुली तिच्या कपाळाला हळदकुंकू लावतात आणि हातात झेंडूचं फूल ठेवतात.

इंजेक्शन मात्र आमच्या मुली मोसंबीवर शिकल्या. शीर शोधायला रेक्झिनच्या तुकड्याखाली बारीक रबरी नळी ताणून बसवायची, नळीत कुंकवाचं पाणी भरायचं. सुई नीट लागली की मागे लाल दिसतं. गेली वीस वर्षं हे चाललंय आणि त्यातल्या कित्येक जणी आज तुमच्या शेजारच्या वॉर्डात असतील.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल, म्हातारी फक्त कुरकुर करते.

एका जूनमध्ये, पाऊस धो धो कोसळत असताना, स्कॉटलंडच्या एक निवृत्त सिस्टर आल्या. नर्सिंग शिकवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. कदंबच्या बसमधून उतरल्या तेव्हा छत्री उलटी झालेली आणि पायात रबरी चपला. स्वागत नको म्हणाल्या. पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘तुमच्या मुली सगळ्यात जास्त कुठे अडतात?’ असा प्रश्न मला आधी कोणत्याही पाहुण्याने विचारला नव्हता. मी म्हटलं, हॅण्डओव्हरला. दुपारी दोनला शिफ्ट बदलते, इन्चार्ज टेबलाशी रजिस्टर वाचते, सिस्टर माना डोलावतात आणि मुली मागे उभ्या राहून स्वतःच्या वेणीशी खेळतात. त्या म्हणाल्या, ‘बरं, पंधरा दिवस मी फक्त बघते.’ आणि खरोखर बघत राहिल्या. बेडपॅन धुतात त्या खोलीच्या दारात, औषधांच्या ट्रॉलीशी, दुपारी दोनला टेबलापाशी. इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही म्हणून रुग्णाला त्यांनी एकदाही हात लावला नाही. ही गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळ जणी विसरतात म्हणून मुद्दाम लिहिते. तिकडे वीस वर्षं आयसीयू सांभाळलं असलं तरी इथली नोंदणी जिवंत नसेल तर इथे तुमचे हात पाठीमागे.

पंधरा दिवसांनी त्यांनी सुचवलं की हॅण्डओव्हर टेबलाशी न करता खाटेपाशी करून बघू. वॉर्डाच्या सिस्टरांनी लगेच नाक मुरडलं, एवढा वेळ कोणाकडे आहे? त्यांनी वाद घातला नाही. इन्चार्जच्याच हातात घड्याळ दिलं आणि एक आठवडा टेबलाचा वेळ मोजायला सांगितला. चोवीस रुग्णांना पंचवीस मिनिटं लागत होती, कारण मध्ये फोन, मध्ये ‘जेवलीस का गं’. पुढच्या आठवड्यात खाटेपाशी मोजलं, तेवढाच वेळ लागला. इन्चार्जने स्वतः मोजलेलं होतं, त्यामुळे तिला कोणी पटवायची गरज पडली नाही. मग चार वाक्यांत सांगायची पद्धत आली. आत्ता काय चाललंय, याआधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवं. तुम्ही तिकडे ती रोज वापरता. तिचा उगम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. पाणबुडीत बोलायला वेळ नसतो आणि चुकायला जागा नसते. आमच्या वॉर्डापेक्षा काही फार वेगळं नाही.

पण मला त्यांच्याकडून जे मिळालं ते हे नव्हे.

सत्तरीतली एक म्हातारी फीमेल मेडिकलला होती. सत्तरी म्हणजे वय नव्हे, तालुका. वय त्याहून जास्तच. खाटेपाशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, केरळची. म्हातारी तिला म्हणाली, ‘बाये, म्हाका घुंवळ येता.’ मुलगी गोड हसली, ‘ओके अम्मा’ म्हणाली आणि चादर नीट केली. स्कॉटिश सिस्टर दोन खाटा सोडून उभ्या होत्या. त्यांना कोकणीचा एक शब्द कळत नव्हता, पण चेहरा कळला. जवळ येऊन हळूच विचारलं, ‘त्या आत्ता काय म्हणाल्या?’ मुलीला माहीत नव्हतं. फरशी पुसणारी आया कंबर सरळ करून म्हणाली, ‘घुंवळ येता म्हण सांगता मगो!’ आणि माझ्याकडे बघितलं, कारण एवढ्यात मी तिथे पोचले होते. चक्कर येतेय. बीपी घेतलं तर वरचा आकडा चौऱ्याऐंशी. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतलेली आणि पोटात पेजेचा एक घोटही नाही. डॉक्टरांना बोलावलं, तासाभरात म्हातारी सावरली.

एरवी मी काय केलं असतं ते सांगते. चार खाटांसमोर त्या मुलीला झापलं असतं, ती रडली असती आणि रात्री हॉस्टेलमध्ये आईला फोन करून ‘मला घरी यायचंय’ म्हणाली असती. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत स्कॉटिश सिस्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर नेलं. तीनच प्रश्न विचारले, मी दारातून ऐकत होते. तुला काय दिसलं? तेव्हा तुझ्या मनात काय आलं? उद्या पुन्हा असंच झालं तर काय करशील? मुलगी सुरुवातीला गप्प होती. मग म्हणाली, मला त्यांची भाषा कळत नाही असं म्हणायची लाज वाटली.

एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्यासमोर एकाही मुलीने उच्चारलं नव्हतं. उच्चारणार कसं?

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये चहा घेताना सिस्टर मला एकटीला म्हणाल्या, ‘उद्या तुम्ही करून बघा.’ मी केलं. नाही जमलं. तीन प्रश्नांतला पहिलाच विचारता विचारता माझा सूर चढला आणि ‘डोळे कुठे होते तुझे?’ असं झालं. त्या शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी उभ्या राहिल्या. मला ते जमायला चवथ उलटून गेली, म्हणजे जवळजवळ तीन महिने. पन्नाशीतली बाई आपली जीभ बदलते तेव्हा तेवढा वेळ लागतोच.

मुलींना त्या बाईंनी थेट फारसं काही शिकवलंच नाही. त्यांनी मला शिकवलं, तेही चार भिंतींत, कोणाला न कळता. त्या चार महिन्यांनी गेल्या, पुढच्या दोन पावसाळ्यांत पुन्हा आल्या, मग वयोमानाने थांबल्या. पण माझ्यानंतर माझ्या जागी आलेली मुलगी आजही बाकावर बसवून तेच तीन प्रश्न विचारते. तिने स्कॉटलंडच्या सिस्टरांना पाहिलेलंसुद्धा नाही. आणि बेडपॅनच्या खोलीच्या दाराला आयाने सांगितलेली पन्नास कोकणी शब्दांची यादी अजून चिकटवलेली आहे, इंग्रजी आणि मल्याळम अर्थासकट. घुंवळ, वोंक, खोंकली, जोर. या ‘जोर’ने किती घोळ घातले असतील देव जाणे. म्हातारी सांगते जोर आला, म्हणजे ताप आला, आणि बाहेरून आलेली मुलगी समजते, अंगात शक्ती आली, आता बरं वाटतंय.

हे काही फक्त आमच्या गावचं शहाणपण नव्हे. रवांडाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांबरोबर मोठा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा बाहेरून येणारा शिक्षक आणि रवांडाचा शिक्षक यांची जोडी लावायची असं ठरवलं. नर्सिंगच्या शिक्षकही त्यात होत्या, आणि बऱ्याच जणी वर्षभरासाठी आल्या. सगळ्याच जोड्या जमल्या असं नाही. जोडीदार कुठे वेगळ्याच कामाला जुंपलेला, कुठे भाषेची अडचण. तरी विचार बरोबर होता. पुढच्याच वर्षी मलावी, टांझानिया आणि युगांडा या देशांत अमेरिकेने डॉक्टर आणि नर्स शिक्षक पाठवायला सुरुवात केली, तेही वर्षभराच्या बोलीवर. नवजात बाळाला पहिल्या मिनिटात श्वास घ्यायला लावण्याचं जे प्रशिक्षण २०१० पासून जगभर गेलं, त्याची साधी फुगवायची बाहुली तुमच्यापैकी प्रसूती विभागातल्या जणींनी पाहिली असेल. त्यातही आधी त्या त्या देशातले शिकवणारे तयार करायचे आणि मग बाहेरच्यांनी मागे सरायचं, अशीच रचना. ती बाहुली पाण्याने किंवा हवेने भरते. प्लग नाही. आमच्या कपाटातल्या महाराणीकडे बघताना मला नेहमी तिची आठवण होते.

आणि दूर कशाला जा. आमच्या आजीच्या काळात गोव्यात कोणाला मोठं ऑपरेशन सांगितलं की त्याला मिरजेला नेत. तिथलं मिशनचं रुग्णालय १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी उभं केलं. माणूस कॅनडात जन्मलेला, अमेरिकी मिशनने पाठवलेला. धर्मप्रसार हाही त्यांचा हेतू होता, ते झाकायचं कारण नाही. पण ते जवळजवळ चाळीस वर्षं या मुलखात राहिले, इथल्या माणसांना डॉक्टरकी आणि रुग्णसेवा शिकवून हाताशी घेतलं. सांगली आणि मिरजेच्या मध्ये त्यांच्या नावाची वानलेसवाडी आहे. दोन आठवड्यांत कोणाची वाडी होत नाही. तुमच्याकडे मी चाळीस वर्षं मागत नाही, घाबरू नका.

उलट दिशेचंही एक सांगते. पणजीत १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली, आजच्या गोवा मेडिकल कॉलेजची ती मूळ. तिथून शिकलेले आमचे डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत गेले आणि परक्या मुलखात त्यांनी आयुष्य काढलं. म्हणजे परदेशी मदतनीस होण्याचा अनुभव गोव्याला तुमच्या खूप आधीपासून आहे. आम्हाला नुसतं घेणारे समजू नका.

आता थोडं रोखठोक. तुमच्यातल्या काही जणी लिहितात की आम्हाला ‘समाजाचं ऋण फेडायचंय’. शब्द मोठा आहे पण या वेळी बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि आणखी ५८ लाख कमी पडतात. जगातली दर सातवी परिचारिका ज्या देशात जन्मली त्या देशात काम करत नाही. श्रीमंत देशांत तर २३ टक्के परिचारिका बाहेरून आलेल्या. आमच्या पैशाने, आमच्या मोसंब्यांवर शिकलेली मुलगी तुमच्या तिथे रात्रपाळी करते, आणि तिच्या जागी इथे कोण, हा प्रश्न आम्ही दर वर्षी सोडवत बसतो. मी तुम्हाला दोष देत नाही. माझी पुतणीही गेली, मीच तिची कागदपत्रं साक्षांकित करून दिली. पण परदेशातून आरोग्यसेवक भरती करण्याबद्दल त्याच संघटनेची २०१० ची संहिता आहे, तिच्यात सांगितलंय की जिथून माणसं नेता तिथल्या शिक्षणाला हातभार लावा. संहिता ऐच्छिक आहे, म्हणून सरकारं तिच्याकडे काणाडोळा करतात. तुम्ही येता ती त्या उसन्याची थोडीशी परतफेड असं मी धरते. उसनं परत करायला आलेल्याला कोणी शाल घालत नाही, चहा देतात. चहा मिळेल.

मुली तुम्हाला पहिल्या दिवशी विचारतील, ‘पगार किती?’ टाळू नका आणि लाजू नका. पण पगाराबरोबर घरभाडं सांगा, कर सांगा, पहिल्या हिवाळ्यात एकटीने काढलेला रविवार सांगा, इंग्रजीच्या परीक्षेला किती वेळा बसलात तेही सांगा. त्या तरी जातीलच, पण डोळे उघडे ठेवून जातील.

तर माझं मागणं असं. डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, जत्रा, अर्ध्या मुली रजेवर आणि तुम्हालाही लग्नांची आमंत्रणं. मला माहीत आहे की रजा तेव्हाच मिळते आणि विमानाची तिकिटं घरच्यांबरोबर काढलेली असतात. तरी एखाद्या वर्षी जुलैत या. जुलै-ऑगस्टमध्ये वॉर्ड तापाने भरलेले असतात. डेंगी, मलेरिया, शेतात चिखलात उभं राहून लेप्टो घेऊन आलेले शेतकरी. एका खाटेवर लघवीचं माप, शेजारच्या खाटेवर प्लेटलेट. शिकायचं असेल तर तेव्हा, शिकवायचं असेल तर तेव्हाच.

बारा जणी एकदम येऊ नका. आमच्या वॉर्डात बारा माणसं उभी राहायला जागा नाही. दोघी या, सहा आठवडे थांबा, त्या गेल्या की पुढच्या दोघी येऊ देत, आणि आदल्या दोघींनी पुढच्या दोघींना सांगून जावं की आम्ही कुठपर्यंत आलो. नाहीतर दर वर्षी नवा पाहुणा आणि पुन्हा हात धुण्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात. आमच्या मुलींनी त्या पायऱ्या सात वेगवेगळ्या उच्चारांत ऐकल्या आहेत. पायऱ्या पाठ आहेत, बाई; वॉर्डातल्या नळाला अकरा वाजता पाणी नसतं, त्याचं काय करायचं यावर बोला.

मुलींच्या वर्गात जाण्याआधी ट्यूटरच्या खोलीत या. नियमाप्रमाणे दहा मुलींमागे एक शिक्षिका हवी. कागदावर ती असते, पण प्रत्यक्षात तीच शिक्षिका परीक्षेचे पेपर काढते, तपासणीच्या फायली भरते, हॉस्टेलचं जेवण बघते आणि उरलेल्या वेळात वॉर्डात धावते. तिच्याबरोबर एक प्रश्नपत्रिका बसून काढा. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तिला हवे ते चार लेख मिळवून द्या. ती पुढच्या शिक्षणासाठी रजा मागत असेल तर तेवढे महिने वर्गातली तिची व्याख्यानं उचला. या मदतीचा फोटो निघत नाही, मान्य आहे. फोटोचा विषय निघालाच आहे तर रुग्णांसोबत काढू नका. सही घेऊनही नको. सलाईन लावलेला माणूस नाही म्हणत नसतो.

आणि आमच्यातली कोणी वर्गात मागच्या बाकावर बसून सह्या करत असेल तर तिला पुढे बोलवा. फळ्यावर गणित मांडलं की मागे वळून तिला विचारा, ‘तुमच्याकडे किती थेंबांचा सेट असतो?’ तेवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला नक्की वाटतं, सांगितलं असतं.

इंग्लंडच्या माझ्या लेकी, तुझं तिकीट काढून झालं असेल तर रद्द करू नकोस. ये, घरी जेवायला ये, खतखतं करीन. पण वर्गाचा बेत जुलैवर ढकल आणि तोवर मला एवढं कळव की तुमच्या बाराजणींमध्ये सहा आठवडे बिनपगारी रजा काढू शकतील अशा दोघी कोण. मी फोंड्याच्या स्टँडवर घ्यायला येईन. छत्री तिकडची आणू नका, इथल्या पावसात ती उलटते.

आणखी एक. त्या बाहुलीच्या कंपनीत कोणाची ओळख निघाली, तर २३० व्होल्टचा पंप वेगळा मिळतो का एवढं विचारून ठेव.

तुमची,
एक निवृत्त ट्यूटर
फोंडा, गोवा